हवा फुफ्फुसात कुठवर पोहोचते? झेनॉन आणि एमआरआय

कोविडच्या 2020 आणि 2021 या दोन वर्षांत पुण्यातल्या घराघरांत एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, स्कोअर परीक्षेतल्या गुणांसारखा विचारला जात असे; पंचवीसपैकी किती, यावरच माणसे धास्तावत किंवा निर्धास्त होत. पुढे कित्येकांचे सीटी स्कॅन स्वच्छ आले, तरीही पर्वतीच्या पायऱ्या चढताना त्यांना धाप लागतच राहिली. आमच्या आत्या त्यांतल्याच एक. सीटी फुफ्फुसाची रचना दाखवतो, तर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची चाचणी, दोन्ही फुफ्फुसांचा मिळून एकच हिशेब देते. हवा नेमकी कोणत्या भागात शिरते आणि तिथून रक्तात किती उतरते, हे या दोन्हींतून कळत नाही. अतिध्रुवीकृत, म्हणजे ज्यांची अणुकेंद्रके मुद्दाम एकाच दिशेला कलवली आहेत अशा, वायूंच्या एमआरआयविषयी मला कुतूहल वाटू लागले ते या उणिवेमुळे.

नेहमीच्या एमआरआयला फुफ्फुस जवळजवळ काळेच दिसते. हे तंत्र शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजन केंद्रकांवर चालते आणि फुफ्फुसात ऊतीपेक्षा हवाच अधिक असते. शिवाय कोट्यवधी वायुकोशांच्या भिंतींपाशी चुंबकीय क्षेत्र इतके विस्कळीत होते की मिळणारा क्षीण संकेत एक-दोन मिलिसेकंदांतच विरून जातो. मग आत घेतलेल्या वायूचेच चित्र का काढू नये? अडचण अशी की वायू विरळ असतो आणि 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) यंत्रातसुद्धा दर दहा लाख केंद्रकांमागे जेमतेम काहींचाच कल चुंबकीय क्षेत्राच्या बाजूने उरतो; बाकीची परस्परांना निष्प्रभ करतात.

यावरचा उपाय रुग्णालयातून नव्हे, अणुभौतिकीतून आला. रुबिडियमच्या बाष्पावर 795 नॅनोमीटर तरंगलांबीचा, वर्तुळाकार ध्रुवीकरण केलेला लेसर सोडला की रुबिडियमचे इलेक्ट्रॉन एका दिशेने वळतात आणि झेनॉन या वायूच्या अणूंशी होणाऱ्या टकरींतून तो कल झेनॉन-129 या त्याच्या समस्थानिकाच्या केंद्रकांना देऊन टाकतात. ज्या ‘ऑप्टिकल पंपिंग’वर हे सारे उभे आहे, त्यासाठी आल्फ्रेड कास्लर यांना 1966 चे भौतिकीचे नोबेल मिळाले होते, त्यांच्या डोक्यात तेव्हा फुफ्फुसे असण्याची शक्यता मला तरी कमीच वाटते. केंद्रकांचे ध्रुवीकरण, म्हणजे एकाच बाजूला कललेल्यांचे प्रमाण, अशा रीतीने लाखपटीच्या घरात वाढते. 1994 मध्ये उंदराच्या, शरीराबाहेर काढलेल्या फुफ्फुसांची अशी पहिली चित्रे प्रसिद्ध झाली.

आरंभीच्या काळात माणसांवरचे बरेच काम हेलियम-3 वापरून झाले, कारण त्याचा संकेत अधिक जोरकस असतो. पण हा वायू मुख्यतः अण्वस्त्रांसाठी बनवलेल्या ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो आणि 2001 नंतर अमेरिकेने सीमांवरील न्यूट्रॉन शोधयंत्रांसाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरल्याने त्याचा तुटवडा पडला. झेनॉन हवेतच असतो, एक कोटी भागांत एका भागाहूनही कमी. त्यातला सुमारे 26 टक्के झेनॉन-129.

माझ्या मते ही अदलाबदल नाइलाजाने झाली असली तरी फायद्याचीच ठरली. हेलियम रक्तात फारसा विरघळत नाही. झेनॉन विरघळतो, आणि विरघळताना आपली कंपनसंख्या बदलतो. वायुकोशातल्या वायूच्या तुलनेत वायुकोश आणि रक्त यांमधल्या पातळ पटलातल्या झेनॉनचा संकेत सुमारे 198 पीपीएमने (दहा लाखांत 198 भागांनी), तर तांबड्या पेशींतल्या झेनॉनचा सुमारे 218 पीपीएमने सरकलेला असतो. त्यामुळे रुग्णाने दहा-पंधरा सेकंद श्वास रोखून धरला, की हवा, पटल आणि रक्त या तिन्ही टप्प्यांवरचा झेनॉन वेगवेगळा मोजता येतो, तोही किरणोत्सर्गाविना. ऑक्सफर्ड आणि शेफील्डच्या संशोधकांनी कोविडनंतर धाप लागणाऱ्या मोजक्या रुग्णांमध्ये 2021 मध्ये हेच दाखवले: सीटी जवळपास निर्दोष, पण तांबड्या पेशींपर्यंत पोहोचणारा झेनॉन कमी. आत्यांना ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ असतील’ असे ऐकावे लागले होते, म्हणून हा निष्कर्ष मी दोनदा वाचला.

तरीही आपल्या जवळच्या केंद्रात ही तपासणी लगेच सुरू होईल, अशी आशा बाळगू नये. 1.5 टेस्लाच्या क्षेत्रात हायड्रोजनचा संकेत सुमारे 64 मेगाहर्ट्झवर, तर झेनॉन-129 चा साधारण 17.7 मेगाहर्ट्झवर येतो. म्हणून यंत्रात वेगळी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आणि छातीभोवती बांधायची संकेत टिपणारी वेगळी कॉइल लागते. वायूही साठवून ठेवता येत नाही. त्याचे ध्रुवीकरण सतत घटत असते, फुफ्फुसातल्या ऑक्सिजनमुळे तर काही सेकंदांतच, म्हणून ध्रुवीकरणाचे यंत्र स्कॅनरच्या जवळच असावे लागते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, डिसेंबर 2022 मध्ये दिलेली मंजुरीदेखील 12 वर्षे व त्यापुढील रुग्णांच्या फुफ्फुसांत हवा कशी पसरते हे पाहण्यापुरतीच होती. झेनॉन रक्तात किती उतरतो याचे मोजमाप, म्हणजे आत्यांसारख्यांना ज्याची खरी गरज आहे तोच भाग, तिच्या कक्षेबाहेर राहिला.