नवी वेबसाइट, रिकामा आलेख: कुठे थांबायचं आणि कुठे हात घालायचा

नवी वेबसाइट सुरू झाली की पहिल्या आठवड्यात तिच्यावर येतात ते मालक, मालकाचा मेव्हणा, साइट बनवून देणारा मुलगा आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची चार उत्साही मंडळी. दुसऱ्या आठवड्यात तीही येईनाशी होतात. आकडा शून्याच्या आसपास घुटमळतो आणि मालकाला वाटू लागतं की पैसे पाण्यात गेले. गूगलच्या निकालांत साइट वर दिसावी म्हणून केलेल्या कामाचा, म्हणजे एसईओचा, फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलनेच २०१७ मध्ये सांगितलं होतं. नव्या साइटने त्याहून लवकर काही मागू नये. पण साइट हळूहळू पुढे सरकतेय की कुठे अडकलीय, हे मात्र तपासत राहावं. हळू असेल तर थांबायला हरकत नाही. अडकली असेल तर वर्षभर थांबूनही काही हलणार नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून नेरूळमधला गळतीदुरुस्ती करणारा एक ठेकेदार डोळ्यांसमोर धरू. सिडकोच्या जुन्या इमारती, कोकणपट्टीचा पाऊस, त्यामुळे कामाला तोटा नाही. साइट मात्र नवीकोरी आणि समोर मोठमोठ्या लिस्टिंग साइट, म्हणजे ठेकेदारांच्या याद्या देणाऱ्या.

साइट सुरू होईल त्याच दिवशी सर्च कन्सोल, म्हणजे गूगलच्या शोधात साइट कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन, जोडा. ते फुकट आहे, आणि आकडे जमू लागतात ते साइट तिथे जोडल्यापासूनच. आधीचे मागून मिळत नाहीत. जोडताना डोमेन प्रॉपर्टी, म्हणजे साइटच्या पूर्ण नावाची (डोमेनची) नोंद, निवडा. डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये एक टेक्स्ट रेकॉर्ड टाकावा लागतो. एकदा टाकला की साइटचे सगळे पत्ते त्याखाली येतात. मग साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेली असेल तर ५.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, तो आपोआप तयार होतो. त्याच बैठकीत वर्डप्रेसच्या सेटिंगमधला रीडिंग विभाग उघडा आणि सर्च इंजिनांना साइट इंडेक्स करू नका, म्हणजे निकालांसाठीच्या यादीत घेऊ नका, असं सांगणारा चौकोन रिकामा आहे ना, ते बघा. बांधकाम चालू असताना डेव्हलपर त्यावर टिक करतो आणि साइट सोपवताना काढायला विसरतो. महिनोन्महिने धीर धरलेल्या कित्येक साइटींचं दुखणं एवढंच असतं.

आता प्रत्येक पानाची अवस्था. सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत पानाचा पत्ता (यूआरएल) टाकला की ती कळते. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' असं आलं तर गूगलला पत्ता माहीत आहे, पण ते अजून फिरकलेलं नाही. नव्या साइटला हे काही आठवडे चालायचंच. मुख्यपानावरून त्या पानाकडे लिंक आहे का तेवढं पाहा; साइटमॅपमध्ये नाव आहे पण कुठूनच वाट नाही, असं पान मागे पडतं. 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' एकदा दाबा आणि सोडून द्या. रोजचा कोटा मर्यादित असतो, आणि तेच पान पुन्हा पुन्हा पाठवल्याने रांगेत पुढे जाता येत नाही.

'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' ही गोष्ट वेगळी. गूगल आलं, पान वाचलं आणि ठेवून घेतलं नाही. इथे नुसतं थांबून क्वचितच काही निघतं.

आपल्याकडे या दुसऱ्या अवस्थेचं नेहमीचं कारण म्हणजे गावांच्या नावांची पानं. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर आणि मग ठाण्यात घोडबंदर रोड, नौपाडा, वर्तकनगर. मजकूर एकच, फक्त गावाचं नाव बदललेलं. एका दुपारी वीस पानं तयार होतात, करणाऱ्यालाही हुशारी वाटते. गूगलच्या स्पॅम धोरणात अशा पानांना डोअरवे म्हणतात. नशीब बरं असेल तर त्यातली एकदोन इंडेक्स होतात; नसेल तर उरलेल्या चांगल्या पानांवरचा विश्वासही कमी होतो. ती वीस काढा, त्यांच्या जागी चार ठेवा आणि त्या चारांत दुसऱ्या कुठे मिळणार नाही असं काही घाला.

म्हणजे काय? गच्चीच्या पानावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) यांतला फरक, कोब्याने स्लॅबवर किती वजन वाढतं, काम झाल्यावर पाणी साठवून चाचणी कशी घेतात, ड्रेनेज आउटलेटच्या तोंडाशीच पुन्हा गळती का सुरू होते. दर चौरस फुटाचा स्वतःचा भाव लिहायची तयारी असेल तर सोन्याहून पिवळं. बहुतेक ठेकेदार तो लपवतात आणि लोक नेमका तोच शोधत असतात. दुसरं पान वरच्या फ्लॅटमधून होणाऱ्या गळतीचं: खर्च कोणी करायचा? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, तर न्हाणीघर, सिंक यांच्यामुळे होणारी आतली गळती सभासदाने. यावरून दर पावसाळ्यात सभांमध्ये भांडणं होतात. ते नीट समजावणारं पान सेक्रेटरी ग्रुपवर पाठवतात, तुम्ही न सांगता.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक पण महाग पडणारी गोष्ट: पत्ता. 'नेरूळमध्ये टेरेस वॉटरप्रूफिंगचा खर्च' असं शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्याचाच देवनागरी पत्ता करतं. आतमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त यांतल्या प्रत्येकाची, नऊ जागा घेणारी सांकेतिक माळ होते, आणि वर्डप्रेस पत्त्याला दोनशे जागाच देतं. हिशेब करा: 'नेरूळमध्ये'ची दहा चिन्हं म्हणजे नव्वद जागा, 'टेरेस'ची पाच म्हणजे पंचेचाळीस, मधे दोन जोडरेघा. उरल्या त्रेसष्ट. पत्ता 'वॉटरप्र' वर तुटतो आणि 'खर्च' बाहेरच राहतो. गूगलला देवनागरी पत्ता चालतो, त्याची तक्रार नाही. पण व्हॉट्सॲपवर पाठवलं की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक साखळी उमटते, आणि फसवणुकीच्या लिंकांना विटलेली माणसं तिच्यावर बोट ठेवत नाहीत. रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता प्रकाशित करण्याआधीच द्या. नंतर बदलायची वेळ आलीच तर जुन्या पत्त्यावरून ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे नव्या पत्त्याकडे कायमचं वळण, लावा आणि तो निदान वर्षभर ठेवा.

जुन्या माहितीपत्रकाचा मजकूर डीटीपीवाल्याकडून आला असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणून वाचता येईल अशा रूपात, आहे का ते बघा. जुन्या फॉन्टमधला मजकूर पानावर चिकटवला की तो गूगलच्या लेखी निव्वळ अगम्य रोमन अक्षरं असतो. माहितीपत्रकाचा फोटो लावून मोकळं होणं त्याहून वाईट.

पानं इंडेक्स झाली की पहिले काही महिने क्लिककडे पाहूच नका, इंप्रेशन पाहा. इंप्रेशन म्हणजे कुणाच्या तरी निकालात तुमचं पान आलं. दुसऱ्या महिन्यात चाळीस, चौथ्यात सहाशे आणि क्लिक चार, असा आलेख रडवेला वाटतो. खरं तर तो उत्तम आहे. सरासरी क्रमांक मात्र हमखास फसवतो. समजा एका शोधावर पान अठराव्या क्रमांकावर होतं. पुढच्या महिन्यात त्याच शोधावर ते चौदाव्यावर आलं, वीस इंप्रेशन मिळाली. शिवाय काही नव्या शोधांवर बासष्टाव्या क्रमांकाच्या आसपास चाळीस मिळाली. सरासरी अठरावरून शेहेचाळीसवर घसरते आणि मालक हवालदिल होतो, जेव्हा घडलेलं सगळं चांगलंच असतं. म्हणून सरासरी सोडा, एकेक शोध उघडून बघा. सगळे दिसणार नाहीत. फार कमी लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी झाकून ठेवतं, त्यामुळे यादीची बेरीज एकूण आकड्यापेक्षा कमी भरते. आणखी एक: सप्टेंबर २०२५ मध्ये एका पानावर शंभर निकाल मागवायची सोय बंद झाली, त्यानंतर पुष्कळ साइटींची इंप्रेशन एकदम खाली आली. त्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून घाबरू नका.

स्वतः गूगल करून आपला नंबर बघायची सवय तर सोडाच. नेरूळ स्टेशनबाहेर उभं राहून दिसणारे निकाल आणि कासारवडवलीत दिसणारे निकाल एक नसतात.

गूगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या साधनात, स्वतःच्या भेटी गाळून घ्या. दिवसाला दहा भेटी असतील आणि त्यांतल्या सहा घरच्या, तर त्या आलेखावरून कसलाच निर्णय होत नाही. डेटा रिटेन्शन, म्हणजे आकडे किती काळ जपायचे ते सेटिंग, आपोआप दोन महिन्यांवर असतं, ते चौदावर न्या. व्हॉट्सॲपवरून आलेले लोक बहुधा 'डायरेक्ट' मध्ये मोजले जातात, म्हणून ग्रुपवर टाकायच्या लिंकला यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, जोडा.

स्थानिक धंद्याला गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद, साइटच्या आधी फोन मिळवून देतं. नकाशातली यादी वेगळी चालते. तिथे पाटीवर आहे तेच नाव लिहा. नावात 'बेस्ट वॉटरप्रूफिंग नवी मुंबई' कोंबलं की प्रोफाइल निलंबित होण्याची पाळी येते. तीस दिवसांत पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्यांचे फोनही याच सुमाराला सुरू होतील. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. ते लोक विकत घेतलेल्या लिंका लावतात आणि निस्तरायचं तुम्हाला. मालकांची स्वतःची चुळबुळही तितकीच नडते: दर पंधरवड्याला शीर्षकं बदलणं, थीम बदलणं, चांगलं चाललेलं डोमेन सोडून नवं घेणं. शीर्षक बदललंत तर तारीख वहीत लिहा आणि काही आठवडे त्याला हात लावू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

हंगामाचं गणितही मांडावं लागतं. मुंबईत मोसमी पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून. गच्चीच्या गळतीचं पान जूनमध्ये टाकलं तर ते रुळेपर्यंत छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात. ते डिसेंबर-जानेवारीत तयार हवं, म्हणजे एप्रिल-मेमध्ये लोक शोधू लागतील तेव्हा ते निकालांत वर सरकत असेल. उलट, ऑक्टोबरात आकडे पडले तर साइट बिघडली असं समजू नका. पाऊस थांबला, शोध थांबले. अशा धंद्यात जूनची तुलना मेशी करण्यात अर्थ नसतो, मागच्या जूनशी करावी लागते. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचेच आकडे ठेवतं. त्यामुळे पहिला पावसाळा संपला की जून ते सप्टेंबरचा तक्ता उतरवून शीटमध्ये ठेवा, शोधांच्या यादीसकट.