सहा दिवस, नऊ फेऱ्या आणि बक्षिसाचा एक पैसा नाही

2025 च्या जुलैत यूएस गर्ल्स ज्युनिअर, म्हणजे अमेरिकेची मुलींची राष्ट्रीय हौशी गोल्फ स्पर्धा, जॉर्जिया राज्यातल्या आमच्या जॉन्स क्रीकमध्ये झाली. जागा अटलांटा अ‍ॅथलेटिक क्लबचा रिव्हरसाइड कोर्स. मी तिथे वॉकिंग स्कोअरर म्हणून स्वयंसेवेचं काम केलं. खेळणाऱ्या मुलींबरोबर चालायचं आणि एकेक होल, म्हणजे मैदानाचा एकेक टप्पा, संपला की त्याचा निकाल हातातल्या यंत्रात भरायचा.

सांगलीहून बाबांचा फोन आला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच: "जिंकणाऱ्या पोरीला किती मिळतात गं?"

"काही नाही, बाबा. पैसा नाहीच."

"मग एवढ्या उन्हात कशाला तडफडतात पोरी?"

सुवर्णपदक मिळतं, ग्लेना कॉलेट वेअर यांच्या नावाची ट्रॉफी वर्षभर आपल्याकडे राहते आणि पुढच्या वर्षीच्या यूएस विमेन्स ओपनमध्ये थेट प्रवेश मिळतो. त्या प्रवेशाची किंमत बाबांना समजावताना मला फार बोलावं लागलं. दहावीतल्या वयाची मुलगी जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या व्यावसायिक बायकांबरोबर त्याच मैदानावर उभी राहते! आणि हा क्लब तर बॉबी जोन्स यांचा. 1930 साली एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकलेला हा माणूस तेव्हाही हौशी खेळाडूच होता.

बाबांच्या "तडफडतात" या शब्दात मात्र तथ्य आहे. पहिले दोन दिवस स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटके मोजायचे, रोज 18 होल. त्यातून 64 जणी पुढे जातात आणि तिथून मॅच प्ले, म्हणजे दोघींची समोरासमोर लढत, कोण जास्त होल जिंकते ते पाहायचं, हरली ती घरी. बुधवारी एक सामना, गुरुवारी दोन, शुक्रवारी दोन आणि शनिवारी 36 होलची अंतिम लढत. शेवटपर्यंत पोचणाऱ्या मुलीच्या सहा दिवसांत 18 होलच्या नऊ फेऱ्यांच्या आसपास होतात, त्याही चालत. जॉर्जियातला जुलै म्हणजे मुंबईचा मे. सावलीत उभं राहिलं तरी घामाच्या धारा. गोल्फ हा निवांत, पैसेवाल्या म्हाताऱ्यांचा खेळ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. त्यांनी गुरुवारी दुपारी, दुसऱ्या सामन्याच्या चौदाव्या होलवर या मुलींचे चेहरे बघावेत.

मला सगळ्यात जास्त भावला तो मॅच प्लेमधला एक रिवाज. चेंडू खड्ड्याच्या अगदी जवळ असला तर तो आत ढकलायचा शेवटचा छोटा फटका, म्हणजे पट, समोरची मुलगी 'देते'. नुसतं "दॅट्स गुड" म्हणायचं, की चेंडू उचलायचा, पट गेला असं धरतात. बुधवारी माझ्या वाट्याला आलेल्या सामन्यात दोघी सकाळपासून एकमेकींना असे छोटे पट देत होत्या. सतराव्या होलवर एक मुलगी एका होलने मागे. होल बरोबरीत सोडवायला तिला दोन-अडीच फुटांचा पट हवा होता. तिने मान वर करून पाहिलं. समोरची गप्प. रागाने नव्हे, नुसती गप्प. या टप्प्यावर हा पट तू घालून दाखव, एवढंच त्यात होतं. पहिलीने चेंडूमागे मार्कर ठेवला, चेंडू पुसला, परत ठेवला, दोन्ही बाजूंनी उतार पाहिला आणि घातला. माझाच श्वास अडकला होता. अठराव्यावर दोघींना सारखेच फटके लागले आणि मागे असलेली ती एका होलने हरली. टोप्या काढून हात मिळवले, मिठी मारली. मग ती हरलेली मुलगी माझ्याकडे आली आणि आमच्याबरोबर चाललात म्हणून थँक यू म्हणाली. आईकडे ती त्यानंतर गेली आणि तिथे गेल्यावर रडली. या वयात एवढं भान! मला त्या मुलीचा आणि तिच्या आईचाही फार अभिमान वाटला.

या स्पर्धेची सुरुवात 1949 ची, फिलाडेल्फियाची. पहिली विजेती मार्लीन बाउअर, वय 15. आमच्या जॉर्जियाच्या, सव्हानाच्या हॉलिस स्टेसी 1969 ते 1971 अशा सलग तीन वेळा जिंकल्या आणि पुढे तीन वेळा यूएस विमेन्स ओपनही जिंकल्या. नॅन्सी लोपेझ, इनबी पार्क, लेक्सी थॉम्प्सन, मिन्जी ली, रोझ झँग, सगळ्या इथूनच पुढे गेल्या. 2024 मध्ये फिलिपिन्सच्या रियान मलिक्सीने अंतिम सामन्यात अ‍ॅस्टेरिस्क टॅलीला 8 आणि 7 ने हरवलं, म्हणजे सात होल शिल्लक असताना आठ होलची आघाडी! पुढच्याच महिन्यात यूएस विमेन्स अमॅच्युअर या हौशी महिलांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही समोर टॅलीच होती आणि तिथेही मलिक्सीच जिंकली.

इथे 2025 मध्ये कॅनडाची अ‍ॅफ्रोडाइटी डेंग जिंकली, वय 15. अंतिम सामन्यात तिच्यासमोर सिंगापूरची झिंगटाँग चेन होती. ही ट्रॉफी जिंकणारी डेंग पहिलीच कॅनेडियन.

टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली त्या पहाटे भारतात किती घरांतून पहिल्यांदा गोल्फ लागलं होतं! नंतर मात्र विषय संपला. मुलीला टेनिसला घालणारे, बॅडमिंटनला घालणारे आमच्या मंडळात कितीतरी आहेत. गोल्फचं नाव काढलं की "परवडणार नाही" हे उत्तर तयार. खर्च आहेच, तो मी नाकारत नाही. पण बघायला काही लागत नाही. या स्पर्धेला प्रेक्षकांना तिकीट नसतं, आणि खेळाडूंच्या इतक्या जवळून चालायला मिळतं की कॅडीशी, म्हणजे त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाशी, चाललेली कुजबुजही ऐकू येते. स्पर्धा दरवर्षी जुलैत, वेगवेगळ्या गावात असते. तुमच्या आसपास आली तर लेकींना घेऊन जा, आणि जमलं तर बुधवारीच जा. त्या एका दिवसात 32 सामने असतात.