दगडीचा प्रकल्प मंजूर करून घेतला त्याचा माझा अनुभव

दूध धंद्यात संशोधन-विस्तारासाठी, म्हणजे नवं तंत्र तपासून शेतकऱ्यांपर्यंत पोचवायला, अनुदान मिळतं का असं कोणी विचारलं की मी म्हणते मिळतं, पण कशाला मिळतं ते आधी बघा. मशीनला मिळतं, शेडला मिळतं, किटला मिळतं. पहाटे पाचला गोठ्यात जाऊन सडं तपासणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळवताना नाकी नऊ येतात, आणि आमचं सगळं घोडं तिथंच अडलं होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची संगमनेर तालुक्यातली छोटी शेतकरी उत्पादक कंपनी, दूध गोळा करून पुढे देतो, मी हिशोब आणि कागदपत्रं बघते. गावात सगळ्या एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीन संकरित गायी आणि डोक्याला ताप एकच, दगडी, म्हणजे कासदाह, कासेचा आजार. कास सुजून कडक झाली, दुधात गाठी आल्या की डॉक्टरला फोन जातोच, ते सगळ्यांना दिसतं. पण सुप्त कासदाह, म्हणजे हीच दगडी लपलेली असते तेव्हा, दिसतच नाही हो, दूध पांढरंशुभ्र, गाय निवांत रवंथ करतेय, फक्त लिटर हळूहळू कमी होतात आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) ८.५ टक्क्यांच्या खाली येतो, आणि तिथून एकेक पॉइंट उतरला की दर तुटतो. मग शेतकरी म्हणतो तुमच्या मशीनमध्येच घोळ आहे आणि संकलनवाला म्हणतो पाणी कमी घाला. रोजची भांडणं.

यावरचा उपाय काही रॉकेट सायन्स नाही. सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) म्हणून टेस्ट आहे, चार वाट्यांचं पॅडल असतं, चारही सडांचं थोडं थोडं दूध वेगवेगळ्या वाटीत घ्यायचं, तेवढंच औषध टाकायचं आणि गोल हलवायचं, ज्या सडात भानगड असेल तिथलं दूध जेलीसारखं घट्ट होतं. धार काढून झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे, यालाच डिप म्हणतात, आणि गायीला अर्धा तास तरी बसू द्यायचं नाही, कारण सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं, म्हणून समोर वैरण टाकायची म्हणजे ती उभी राहते. गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी तिचं दूध बंद करताना, डॉक्टरच्या सल्ल्यानं सडात औषधाची ट्यूब सोडायची. हे केव्हीकेवाले (कृषी विज्ञान केंद्राचे लोक) कधीचं सांगतायत, पेपरात येतं, सगळ्यांना माहीत आहे, करत कोणी नाही. म्हणजे अडचण माहितीची नव्हतीच, रोज मागे लागणारं कोणी नव्हतं.

पैसे शोधताना कळलं की दारं बरीच आहेत पण प्रत्येकाची उंची वेगळी. केव्हीकेकडे आद्यरेषीय प्रात्यक्षिकं, म्हणजे शेतकऱ्याकडेच करून दाखवणं, असतात पण ती मोजक्या शेतकऱ्यांपुरती. 'आत्मा' (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) आमच्या जिल्ह्याला जुनीच, १९९८ च्या एनएटीपी या राष्ट्रीय कृषी तंत्रज्ञान प्रकल्पात देशातल्या ज्या थोड्या जिल्ह्यांत ती सुरू झाली त्यात नगर होतं, पण ती यंत्रणा कृषी खात्याची, पिकांचं आधी आणि गायी 'संलग्न' मध्ये. राष्ट्रीय कृषी विकास योजनेचे प्रकल्प राज्याच्या समितीपुढे जातात, तिथं आमच्यासारख्यांनी काय जायचं. विदर्भ-मराठवाड्यासाठी एनडीडीबीचा (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा) वेगळा दुग्धविकास प्रकल्प आहे, त्यात आमचा जिल्हा बसत नाही. नाबार्डचा फार्म सेक्टर प्रमोशन फंड आहे, २०१४ मध्ये दोन जुने फंड एकत्र करून केलेला, त्यासाठी आधी जिल्ह्याच्या डीडीएमना, म्हणजे नाबार्डच्या जिल्हा अधिकाऱ्यांना, भेटायचं असतं. असे दोन-तीन ठिकाणी कागद दिले आणि एका ठिकाणी लागलं, कुठं ते लिहीत नाही, पुढेही त्यांच्याच दारात जायचंय.

आधी दोन पानांची कन्सेप्ट नोट, ती आवडली तर मोठा प्रस्ताव. ऑडिट झालेले ताळेबंद, संचालक मंडळाचा ठराव, शेतकऱ्यांचा हिस्सा किती, तो कुठून येणार, वगैरे वगैरे. खरी मजा लाभार्थी यादीत आली. यादीला सातबारा हवा, सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, आणि धार काढतात बायका! प्रशिक्षण ठरणार दुपारी ग्रामपंचायतीत, येणार पुरुष, सह्या करणार, चहा पिणार आणि घरी जाऊन काहीच सांगणार नाहीत. मग आम्ही फॉर्ममध्ये एक रकाना स्वतःच वाढवला, 'धार कोण काढतं', आणि प्रशिक्षण गोठ्यातच, सकाळची धार झाल्यावर, असं लिहून टाकलं. त्यावर कोणी हरकत घेतली नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

केव्हीकेच्या पशुविज्ञानाच्या सरांनी तांत्रिक बाजू बघून दिली. ते म्हणाले ताई, फक्त औषधं वाटली तर ते वाटप झालं, काही सिद्ध करायचं असेल तर सारखेच काही गोठे असे पाहिजेत जिथं आपण काहीच करायचं नाही. हे गावात सांगितलं तर एक आजी लगेच म्हणाल्या, का गं, आमच्या गायींनी काय घोडं मारलंय? बरोबरच होतं त्यांचं. शेवटी असं ठरलं की निम्म्या गोठ्यांत आधी सुरू, उरलेल्यांत सहा महिन्यांनी, आणि तोपर्यंत टेस्ट मात्र सगळ्यांची करायची. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढल्या, नाहीतर संचालकांच्या गायी पहिल्या आल्या असं बोलणं झालंच असतं.

आता बजेट. प्रस्ताव तपासणाऱ्या समितीत एक साहेब म्हणाले मिल्किंग मशीन का नाही घेत, ते दिसतं तरी, जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो येतो. आणि गोठे तपासणाऱ्या मुलीच्या मानधनाची ओळ पाहून म्हणाले हे आवर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा होणाऱ्या, खर्चात जातंय, कापा. मी म्हटलं सर, डिपचा कप फार महाग नसतो हो, तो रोज दोन वेळा वापरला जातोय का हे बघणारी मुलगी नसेल तर तो कप आठवड्यात खिळ्याला लटकतो. बराच वेळ चर्चा चालली, मशीन नको म्हणणारे अर्जदार त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिले असावेत. तोडगा असा निघाला की महिन्याचा पगार मिळणार नाही, गोठाभेटीमागे मानधन, तेही निम्मं त्यांचं आणि निम्मं आमचं. आमचं कुठून आणायचं, तर लिटरमागे दहा पैसे कपात. सभेत यावरून जो गोंधळ झाला तो लिहायला वेगळी जागा लागेल, पण ठराव झाला.

पुढचं कागदी काम कंटाळवाणं आहे, उरकते. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार, वेगळं बँक खातं, पैसे हप्त्याहप्त्यानं, आधीच्या हप्त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशाला वापरले त्याचा दाखला) सीएच्या सहीनं दिल्याशिवाय पुढचा नाही. जीएसटी बिलाशिवाय काही विकत घेऊ नका, गावातल्या मेडिकलची साधी चिठ्ठी चालत नाही. आणि मार्चच्या आसपास पैसे येतील असं धरूनच चालू नका, आमचा दुसरा हप्ता रखडला तेव्हा डिपचं औषध कंपनीनं उधारीवर चालवलं, कारण मध्येच बंद केलं असतं तर केलेलं सगळं पाण्यात.

मुलगी आम्ही गावातलीच घेतली, बारावी झालेली, घरी स्वतःच्या गायी. ती फक्त टेस्ट करते, डिप बघते आणि वहीत लिहिते, ट्यूब आणि इंजेक्शन डॉक्टरच, ही रेघ आम्ही पहिल्यापासून पक्की ठेवली. प्रतिजैविक दिलेल्या गायीचं दूध डॉक्टरनं सांगितलेले दिवस संकलनाला आणायचं नाही, हेही तीच आठवण करते आणि त्यावरून शिव्याही तीच खाते. पहिल्या टेस्टला जेली झालेल्या वाट्या पाहून लोक गप्प झाले, ज्यांना खात्री होती की आपला गोठा एकदम स्वच्छ त्यांच्याकडेही सुप्त दगडी निघाली. सहा महिन्यांनी पहिल्या निम्म्यात घट्ट होणाऱ्या वाट्या कमी झालेल्या साध्या डोळ्यांना दिसत होत्या, दुसऱ्या निम्म्यात तसा फरक नव्हता, आणि मग ते लोक स्वतःच विचारायला लागले की आमचा नंबर कधी.

प्रकल्पाची मुदत संपलीय. अहवालात 'पुढे कसं चालवणार' असा मुद्दा असतो, तिथं दहा पैशांची कपात लिहिली. तेवढ्यात मुलीचं मानधन आणि आयोडीन भागतं, आटवतानाच्या ट्यूब भागत नाहीत, त्या ज्याच्या त्याला विकत घ्याव्या लागतात आणि काहीजण घेत नाहीत. आता नवीन प्रस्ताव लिहितेय, कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं ते लॅबमध्ये बघून मगच उपचार, असा. त्यातही नमुने गोळा करून वेळेत, थंड ठेवून लॅबला पोचवणारं कोणीतरी लागणारच आहे, म्हणजे परत तीच ओळ आणि बहुतेक परत तेच साहेब.