खासबाग ते खरी कॉर्नर: रस्त्याकडे दार असलेल्या कलेच्या शोधात

नाशिकला आमच्या गल्लीतल्या जुन्या वाड्यात आमच्या कलामंडळाची तालमीची, म्हणजे सरावाची, खोली आहे. आता वाडा पडणार आहे. नव्या इमारतीत खोलीपेक्षा पार्किंग महत्त्वाचं, असं बैठकीत सांगितलं गेलं आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते दोन आठवडे मनात सलत राहिलं. शेवटी मंडळातल्या आम्ही तिघी रात्रीच्या एसटीनं निघालो आणि शनिवारी सकाळी कोल्हापूरच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलो. ज्या गावाला लोक कलापूर म्हणतात, तिथल्या कलासंस्थांनी आपापल्या पेठांसाठी काय केलं, ते डोळ्यांनी पाहायचं होतं.

जाणाऱ्यांनी गाडी पेठांमध्ये घालू नये. बिंदू चौकाच्या वाहनतळावर ती लावावी आणि पुढे चालावं. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं असेल तर पहाटेच उरकावं. नवरात्रात हा बेत करूच नये, गर्दीत चालणं होत नाही.

भवानी मंडपातून आम्ही खासबागेकडे वळलो. राजर्षी शाहू महाराजांनी इथे १९१२ मध्ये कुस्तीचं मैदान उभारलं आणि १९१५ मध्ये त्याला लागूनच पॅलेस थिएटर. तेच आजचं, गायक-नट केशवरावांच्या नावाचं, संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि नाटक अशी पाठीला पाठ लावून शेजारी बसवण्यामागची दृष्टी मला फार मोठी वाटते. मैदानात आलेला शेतकरी नाटकाची जाहिरात वाचणार आणि नाटकाला आलेला वकील शड्डूचा आवाज ऐकणार. शाहू महाराजांच्या दरबारातले गायक उस्ताद अल्लादिया खाँ याच गावात राहिले आणि गायन समाज देवल क्लबही इथून हाकेच्या अंतरावर आहे. मैदान, रंगमंच आणि गाणं, सगळं पाच-दहा मिनिटांच्या चालीत.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही गेलो तेव्हा आत जाता आलं नाही, बाहेरूनच पाहावं लागलं. तिथल्या भेळेच्या गाडीवर एक आजोबा भेटले. ते म्हणाले, "नाटक सुटलं की हितं नुसता दंगा असायचा बघा. आता नऊ वाजले की रस्ता झोपतोय." माझ्या वहीत त्या दिवशी सगळ्यात आधी हेच वाक्य उतरलं. नाट्यगृह बंद पडलं की प्रयोग जातात हे मला माहीत होतं. पण त्याच्याबरोबर भेळवाला, रिक्षावाले आणि रात्री घरी परतणाऱ्या बायकांना वाटणारा उजेडाचा आधारही जातो, हे तिथं उभं राहिल्यावर कळलं. तुम्ही जाल तेव्हा नाट्यगृहाची स्थिती आधी विचारून घ्या आणि काही नसलं तरी संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्यावर अर्धा तास थांबा.

तिथून मंगळवार पेठेतून चालत खरी कॉर्नर. इथे चौकातच कॅमेऱ्याचं स्मारक आहे, चित्रकार, शिल्पकार आणि चित्रपट दिग्दर्शक कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून. रोजच्या रहदारीत, सगळ्यांच्या नजरेसमोर. शिवाजी चौकातला शिवछत्रपतींचा पुतळाही बाबूरावांच्याच हातचा. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी तिथल्या ब्रिटिश गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्यावर ॲसिड टाकलं. पुढे त्याच जागी १९४५ मध्ये महाराज उभे राहिले. चौकाचा अर्थ बदलायला गावाला शिल्पकार लागला.

जयप्रभा हा चित्रपटांचा स्टुडिओ मंगळवार पेठेतच, आम्ही तो बाहेरूनच पाहिला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत तो जळाला आणि चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी पुन्हा उभा केला. २०२२ मध्ये जागा विकली गेल्याचं कळल्यावर कलाकार आणि तंत्रज्ञ साखळी उपोषणाला बसले. आमच्या वाड्याला इतकी माणसं बसतील का, हा प्रश्न मला रात्रभर छळत राहिला.

पेठांमधल्या तालमी, म्हणजे कुस्तीचे आखाडे, मात्र आवर्जून पाहा. नाव तालीम, पण काम कितीतरी मोठं. फुटबॉल, मर्दानी खेळ, लेझीम, गणपतीचे देखावे, पुराच्या वेळची मदत. एका तालमीच्या कट्ट्यावर आम्ही बिचकत उभ्या होतो, तर आतून हाक आली, "या की ताई, आत येऊन बघून जावा." मुलं दांडपट्टा फिरवत होती आणि शेजारच्या घरातली आजी दारातूनच त्यांना ओरडून पवित्रा सांगत होती.

रविवारी टाउन हॉलच्या बागेत बसलो. थंडीच्या दिवसांत इथे रंगबहार संस्थेची मैफल रंगसुरांची भरते. चित्रकार, शिल्पकार लोकांसमोर काम करतात आणि बाजूला गाणं चाललेलं असतं. त्या सुमारास जाता आलं तर तारीख साधा. राजारामपुरीच्या सातव्या गल्लीतलं, चित्रकार आणि अभिनेते चंद्रकांत मांढरे यांचं कलासंग्रहालयही सोडू नका. त्यांनी आपलं राहतं घर चित्रांसकट शासनाला दिलं, त्यामुळे रहिवासी गल्लीतच एक संग्रहालय आहे. संग्रहालयांच्या सुट्टीचे वार निघण्याआधी विचारून घ्या. शाहू स्मारक भवनातलं कलादालन आम्हाला घाईत पाहावं लागलं, तुम्ही एक तास राखून ठेवा.

शेवटच्या रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पीत आम्ही आमच्या मागण्या लिहिल्या. आधी सात होत्या, खोडून दोन राहिल्या. खोली तळमजल्यावर हवी. आणि तिचं एक दार रस्त्याकडे उघडणारं हवं. पुढची बैठक मंगळवारी आहे.