उजनी किती टक्के झाली?

सोलापुरात पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, उजनी किती टक्के? उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये (म्हणजे वापरायच्या साठ्याच्या खाली) गेलं म्हणून रडारड आणि मग प्लसमध्ये आलं की स्टेटसला धरणाचे फोटो. बरोबरच आहे म्हणा, नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात दुसरं काय विचारणार.

पण उजनी भीमेवर आणि भीमा काय शहरात येत नाही, वसंत विहारकडं घरात घुसतं ते पाणी आदिला नदीचं. ती येते हिप्परग्याच्या तलावाकडनं, म्हणजे एकरुख तलाव, इंग्रजांनी आदिलावरच बांधलेला, 1871 मध्ये पूर्ण झालेला. तुळजापूर रोडनं जाताना सगळे बघतात, सेल्फी काढतात, पण तो भरला की सांडव्यावरचं पाणी कुठं जातं हे कुणी विचारत नाही. वर्षभर आदिला म्हणजे सांडपाणी आणि जलपर्णी, पाणी पुढं सरकतंय का नाही तेपण कळत नाही, मग काठावर मुरूम पडतो, प्लॉट पडतात, आणि पाणी आलं की सगळे वर आभाळाकडं बघतात!

आणि आमची काळी माती, भेगाळलेली असते तेव्हा पहिले पाऊस गपकन पिते, पण एकदा फुगली की थेंब आत घेत नाही, त्यात आपल्याकडं खरा जोर सप्टेंबरात, म्हणजे पोट भरलेलं असतानाच.

सीना नदीचं तर अजून वेगळं. 2025 च्या सप्टेंबरात लांबोटीला पुणे हायवे बंद पडला (चिवड्यासाठी थांबायचं ते लांबोटी), तेव्हा लोक म्हणत होते एवढा पाऊस कुठं झाला? झाला की, वर नगर, बीड, धाराशिवला. कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणं सगळी भरलेली, सगळ्यांचं पाणी एकाच सीनेत. आणि खाली भीमा फुगलेली असली तर हत्तरसंग कुडलच्या संगमावर सीनेला पुढं जायला वाटच मिळत नाही, मग ती मागं शेतात पसरते.

परंड्याची (तिकडं वर धाराशिव जिल्ह्यात) आमची मावशी फोनवर म्हणाली होती, "रात्रभर धो धो चाललंय बाबा, तुमच्याकडं येतंय बघ आता." मी म्हणालो, मावशी, उजनीतून विसर्ग कमी केलाय, काळजी करू नकोस. ती म्हणाली, "उजनीचा काय संबंध?"