आमची वाटचाल : चिपळूणच्या पेठेतलं एसी-फ्रिजचं काम

2006 साली मी आणि माझ्या मावसभावाने चिपळूणच्या बाजारपेठेत गाळा भाड्याने घेतला. एसी, फ्रिज, डीप फ्रीजर, कोल्ड रूम, मिळेल ते काम. गॅसचा दाब मोजायच्या गेजचा सेट एकच, त्यामुळे एक जण गुहागरला कामाला गेला की दुसऱ्याने दुकानात बसून कॉम्प्रेसरच्या वायंडिंगी तपासायच्या. पुढे भाऊ पुण्याला गेला, काम वाढत गेलं, हर्णैच्या मासळीवाल्यांचे फ्रीजर, गुहागरची हॉटेलं, सगळं छान चाललेलं. त्या वर्षांबद्दल विशेष काही सांगण्यासारखं नाही.

सांगायचंय ते 22 जुलै 2021 चं. गाळ्याच्या भिंतीवर मालकाने 26 जुलै 2005 च्या पाण्याची खूण करून ठेवलेली होती, रात्री पाऊस वाढला तसं आम्ही सगळं सामान त्या खुणेच्या वरच्या फळीवर चढवलं, आणि वाशिष्ठीचं पाणी त्या फळीच्याही वर गेलं. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर गुडघाभर चिखल. क्लॅम्प मीटर, मायक्रॉन गेज, गॅस मोजायचा डिजिटल काटा, सगळं मेलेलं. गॅसचे अर्धे रिकामे सिलिंडर तरंगत कुठे गेले देव जाणे, नायट्रोजनचा जड सिलिंडर तेवढा जागचा हलला नाही. एसीच्या पाइपातली हवा ओढून काढायच्या व्हॅक्यूम पंपाचं ऑइल पाणी शिरून पांढरं दुधाळ झालेलं, मी तो पंप खोलला, पुसला, नवं ऑइल घालून चालवायचं, काढायचं, परत घालायचं, ऑइल स्वच्छ येईपर्यंत हेच केलं. तो पंप आजही चालतो. पितळेचं फ्लेअरिंग टूलही वाचलं. इन्शुरन्स नव्हता, बँकेचा हप्ता होता.

आणि नेमका तेव्हाच बाहेरचा एक एसीवाला पेठेत शिरला. बऱ्याच जणांचे एसी पाण्यात गेलेले, हा हप्त्यावर नवे देणार, आणि दुकान केवढंही असो, सल्ला एकच, दीड टनाच्या जागी दोन टन लावा, दार उघडं राहिलं तरी थंड होईल. आम्ही अजून चिखल उपसत होतो आणि जुनी गिऱ्हाईकं एकेक करून तिकडे गेली. माझ्याकडे शिकलेला पोरगाही त्याने नेला. वर लोकांना सांगत फिरायचा की यांना एसी कळत नाही, हे पडदे विकतात. ते अजून डोक्यातून जात नाही, खोटं कशाला बोलू.

पडदे म्हणजे पीव्हीसीच्या पट्ट्यांचे पडदे. आमचं म्हणणं पहिल्यापासून एकच, आधी आत येणारी गरम हवा अडवा, मग मशीनचं बोला. कोकणात एसीचं अर्धं काम हवा थंड करण्याचं नसतंच, हवेतलं पाणी पिळून काढण्याचं असतं. दार सताड उघडं म्हणजे अख्ख्या पेठेतला दमटपणा तुम्ही आपल्या खर्चाने सुकवताय. त्यात मशीन गरजेपेक्षा मोठं लावलं की ते पटकन 24 वर येतं, कॉम्प्रेसर कट होतो, पंखा चालूच राहतो आणि आतल्या थंड नळ्यांवरचं (कॉइलवरचं) पाणी परत खोलीत उडतं. दुकान गार पण ओलसर, कापडाला वास, चामड्याच्या चपलांना बुरशी. फाइव्ह स्टारचा एसी घेतला तरी सगळं मुसळ केरात.

कापडवाले काका मात्र हलले नाहीत. त्यांचाही माल गेला होता, तरी म्हणाले, "तूच बसव, पण मला पटवून दे." मी त्यांच्या एसीच्या ड्रेन पाइपखाली बादली ठेवली. एक दिवस दुपारी दोन तास दार उघडं, दुसऱ्या दिवशी तेच दोन तास दार लावून. उघड्या दाराची बादली काठोकाठ, बंद दाराची अर्धीही नाही. काका बराच वेळ बादलीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे हे मी रोज विकत घेत होतो?" त्याच दिवशी काचेच्या दाराला आपोआप लावून घेणारा क्लोझर लागला, शोकेसमधले 50 वॅटचे हॅलोजन काढून एलईडी लावले (असे दहा हॅलोजन म्हणजे 500 वॅटची शेगडीच, आणि एक टनाचा एसी खोलीतून जेमतेम 3500 वॅट उष्णता काढतो), आणि दोन टनाऐवजी दीड टनातच काम भागलं. पैसे त्यांनी आगाऊ दिले, त्यातूनच मी नवा गेज सेट घेतला. काकांनी पेठेत चार जणांना सांगितलं नसतं तर आज मी हे लिहायला नसतो.

आता विषय निघालाच आहे तर ऐका. 2020 पासून नवीन एसी 24 वर सेट होऊनच येतात ते उगाच नाही, बीईईच्या (एसीला स्टार देणारी सरकारी संस्था) हिशेबाने एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते, पंखा लावून 26 वर बसून बघा. गॅस काही संपत नसतो. दरवर्षी गॅस भरावा लागतोय म्हणजे लीक आहे, लीक न शोधता भरणाऱ्याला पैसे देऊ नका. आऊटडोअर, म्हणजे एसीचा बाहेरचा डबा, दुकानाच्या बोर्डाच्या मागे कोंबू नका, तो आपलीच गरम हवा परत ओढतो. किनाऱ्यावर असाल तर खारी हवा आऊटडोअरच्या पातळ पत्र्यांचा, म्हणजे फिनचा भुगा करते, कोटिंगवालाच घ्या आणि गोड्या पाण्याने धूत जा. फ्रीजरच्या दारात कागद धरून दार लावा, कागद सहज निघाला तर गॅस्केट, म्हणजे दाराचं रबर, गेलं. फ्रान्समध्ये 2022 पासून हीटर किंवा एसी चालू ठेवून दुकानाचं दार उघडं टाकलं तर 750 युरोपर्यंत दंड आहे. आपल्याकडे दंड बिलातूनच जातो, फक्त कोणी बघत नाही.

त्या दोन टनवाल्याची गिऱ्हाईकं हल्ली पावसाळ्यात आम्हाला फोन करतात, दुकान गार आहे पण ओलं वाटतं म्हणून. जातो आम्ही, नाही म्हणत नाही. फोन करताना एवढंच सांगा, दुकान केवढं, दार दिवसातून किती वेळ उघडं, लाइट कुठले आणि आऊटडोअर कुठे बसवलाय. रविवारी बंद असतो.