गावातल्या बायका नवीन गोष्टीला बिचकतात का?

ठाण्यातून शहापूर-मुरबाडकडे काही काम उभं करायला जाणारे लोक हा प्रश्न हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगायचं तर बायका बिचकत नाहीत, हिशेब करतात. त्या हिशेबात पैशाआधी पाठीचे कष्ट येतात.

चारसूत्री भात घ्या. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेली, चार सूत्रांची ही भातलागवडीची पद्धत कोकणाला नवी नाही. रोपवाटिकेत तुसाची काळी राख, चिखलणीच्या आठवडाभर आधी शेतात गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला (गुंठ्याला साधारण 30 किलो), दोरीवर आवणी म्हणजे रोपांची लावणी आणि युरिया-डीएपी खताची गोळी. पहिल्या दोन सूत्रांना सहसा कुणाची ना नसते. राख घरची, पाला बांधावरचा. गाडं अडतं ते पुढे.

दोरीवर 25 आणि 15 सेंटीमीटरच्या आलटून-पालटून खुणा असतात. प्रत्येक खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावायचा, मग दोरी 15 वर सरकवायची, पुढच्या वेळी 25 वर. असे चार-चार चुडांचे लहान चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी, 7 ते 10 सेंटीमीटर खोल, आवणीच्याच दिवशी. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. ऐकायला छान. पण वीस गुंठ्यांत साडेबारा हजारांवर वेळा वाकून बोट चिखलात घालायचं कोणी? प्रशिक्षणाला सतरंजीवर पुढे बसलेला मालक तर नक्कीच घालत नाही.

शिवाय पावसात बोटांना चिरा पडलेल्या असतात, युरिया त्यात झोंबतो. गोळ्या पदरात घेतल्या तर ओलीने विरघळून चिकटतात. त्यामुळे कमरेला प्लॅस्टिकची पिशवी आणि हातात मोजे, एवढं तरी सोबत न्या. सुतळीची दोरी भिजली की खुणा हलतात, नायलॉनची घ्या. गोळी वरवर राहिली तर नत्र पाण्याबरोबर जातं. मोठ्या, 25 च्या गाळ्यात (मोकळ्या जागेत) पडली तर मुळांपासून लांब राहते. आणि मागून येणारीचा पाय 25 च्या गाळ्यातच पडला पाहिजे. उक्त्याने, म्हणजे कामाची ठरलेली रक्कम घेऊन आलेली टोळी दोरीला नाराज असते, कारण तिचा दिवस लांबतो आणि मजुरी तेवढीच. ती नाराजी रास्त आहे.

म्हणून पूर्ण खाचर (भाताचं शेत) मागू नका, एक गुंठा मागा. तोही येता-जाता दिसेल असा. बाजूच्या खाचरात तेच बियाणं, तोच दिवस, जुनी रीत. फुटवे यायला लागले की दोन्हीकडचे दहा-दहा चूड मोजायचे. कापणीला एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून दोन्हीकडचं भात झोडून वजनकाट्यावर घालायचं. मोजणी बायकांनाच करू द्या.

वाणाचंही तसंच. कर्जत-3 सारखं हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं वाण दाखवलं की तुम्हाला उतारा आठवतो. शेतातल्या बाईला आठवतो पेंढा, कारण बुटक्या वाणाचा पेंढा कमी भरला तर गुरांपुढे काय टाकायचं? भाकरी कशी होते, पुढच्या साली बी घरचं ठेवता येईल का? या वाणाचं ठेवता येतं, संकरिताचं नाही. हा फरक आधी सांगा, लपवून ठेवलात तर दुसऱ्या वर्षी तुमच्यासाठी दार उघडणार नाही.

मोबाइलवर पैसे घेण्याचंही लवकर उरकतो. कल्याण स्टेशनबाहेर कंटोळी घेऊन बसलेली बाई "रोखच द्या" म्हणते तेव्हा तिला क्यूआर कळत नसतो असं नाही. बँक खात्याला नंबर मुलाचा किंवा नवऱ्याचा जोडलेला असला की संदेश त्याच्या खिशात वाजतो. आधी बँकेत तिचा नंबर लावून घ्या. मग तिच्या फोनवर दहा रुपये पाठवून दाखवा की पैसे येताना पिन टाकावा लागत नाही, कुणी मागितला तर द्यायचा नाही. क्यूआरचा कागद टोपलीला त्यानंतर चिकटवा.